स्वयंपाकघरातलं बटण

चंद्रपुरात मे महिन्यात भर दुपारी रस्त्यावर दिसणारा माणूस एक तर नाइलाजाने बाहेर पडलेला असतो, नाही तर माहेरी निघालेला असतो. मृणाल धोटे माहेरी निघाली होती. स्टेशनपासून घरापर्यंत येईतो तिच्या बाटलीतलं पाणी अंघोळीला घ्यावं इतकं तापलं. पण दाराच्या आत पाऊल टाकलं आणि ती थबकलीच. हॉल गार होता. कूलरचा नेहमीचा घरघराट नव्हता, खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यात सारखा गारवा होता, आणि तिच्या आवडत्या वेताच्या खुर्चीवर तर वाऱ्याचा हलका झोत आधीच वळवून ठेवलेला होता.

"बस, बस. तुझ्यासाठीच आहे तो," विलासदादा म्हणाला. "तू रिक्षातून उतरली तेव्हाच कारभाऱ्याने ओळखलं तुला."

कारभारी म्हणजे विजेच्या बोर्डाशेजारी बसवलेली जेवणाच्या डब्याएवढी पांढरी पेटी. 'मितऊर्जा' नावाच्या कंपनीची ही पेटी दोनतीन वर्षांत घरोघरी पोचली होती; मृणालच्या पुण्याच्या फ्लॅटमध्येही होती. ती कॉलेजात उष्मागतिकी शिकवायची, त्यामुळे पेटीत काय चालतं ते तिला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. घरातलं प्रत्येक उपकरण वीज ओढताना आपली एक खास लय ठेवतं. फ्रिज सुरू होताना झटका देतो, मिक्सर थरथरतो, पंपाचा प्रवाह हळूहळू चढतो. मीटरपाशी येणाऱ्या एकाच गुंत्यातून कारभारी हे सगळे धागे वेगळे करायचा आणि कुणाला केव्हा चालवायचं ते ठरवायचा. पंप भल्या सकाळी, फ्रिज आळीपाळीने, हॉल उन्हं चढण्याआधीच गार. एका वेळी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वीज न ओढणाऱ्या घराला स्वस्त दर मिळायचा, आणि घराला त्या मर्यादेत बसवणं हेच कारभाऱ्याचं काम.

"बिल निम्म्यावर आलं," दादाने सांगितलं. हे तो फोनवरही दर महिन्याला सांगायचा. "आणि आपल्या कॉलनीला बक्षीस मिळालं आहे, जिल्ह्यातली सर्वांत काटकसरी कॉलनी म्हणून. सेक्रेटरी कोण? मी. रविवारी कमिटीला जेवायला बोलावलं आहे."

"किती जण?"

"असतील दहाबारा. मंदा करते ना सगळं."

खाटेवर पडलेल्या बाबांनी डोळे न उघडताच म्हटलं, "आली नाही तर हिशेब सांगून राहिला पोरीला. पाणी तरी विचार."

पाणी मंदावहिनींनीच आणलं. पदराने कपाळ पुसत त्या स्वयंपाकघरातून आल्या, हसल्या आणि म्हणाल्या, "वाळलात हो ताई." मृणालने त्यांचा हात धरला. तो तव्याजवळून आत्ताच उचलल्यासारखा गरम होता.

फुलपात्र घेऊन ती वहिनींच्या मागोमाग आत गेली. आत गेल्यावर तिला श्वास घेणं जड गेलं. कुकरची वाफ खोलीतच कोंडली होती. भिंतीतला एक्झॉस्ट बंद, वरचा पंखा बंद. ती शेगडीपाशी उभी राहिली, आणि एखादं मिनिट गेलं नसेल तोच पंखा गरगरायला लागला. एक्झॉस्टही सुरू झाला.

"अगं बाई," वहिनी वर बघत म्हणाल्या, "तुम्हाला ओळखतो हो."

मृणाल हॉलमध्ये परतली. मागून पंख्याचा आवाज हळूहळू मंद होत थांबला. ती पुन्हा आत गेली. पंखा सुरू. बाहेर आली. बंद. प्रयोग एकदा करून निष्कर्ष काढायचा नाही, असं ती विद्यार्थ्यांना सांगायची. तिने तो पुन्हा पुन्हा केला, तेव्हा वहिनींना हसू आवरेना.

"काहून उंबरा झिजवता? बसा ना एका जागी."

"वहिनी, तुम्ही असताना हा पंखा कधीच लागत नाही?"

"हिवाळ्यात लागतो कधीमधी," वहिनी म्हणाल्या आणि आपल्याच विनोदावर खुदकन हसल्या.

शेगडीमागच्या भिंतीवर नारिंगी बटण होतं. प्रत्येक खोलीत तसं एक होतं. त्यावर लिहिलं होतं: 'उकडतंय'.

मृणालला सगळं एकदम कळलं. उकाडा तापमापकाने मोजता येत नाही. एकाच खोलीत एकाला घाम फुटतो आणि दुसरा शाल मागतो. म्हणून कारभारी माणसांकडूनच शिकतो. दारावरचा नि छतातला डोळा फक्त उबेचे ठिपके बघतो आणि चालीवरून माणूस ओळखतो. मग यंत्र त्या माणसापुरता गारवा किंचित कमी करतं आणि वाट बघतं. माणसाने बटण दाबलं, तर ती त्याची मर्यादा. नाही दाबलं, तर आणखी थोडा कमी. पुन्हा वाट. असा प्रत्येकाच्या सोसण्याचा एक आकडा तयार होतो, आणि जिथे जिथे कारभारी असेल तिथे तो आकडा माणसाबरोबर जातो. मृणाल पुण्यात जराशा उकाड्याने बटण दाबायची. दादा क्रिकेट बघताना दाबायचा. बाबांसाठी दादा दाबायचा, तेवढी सवलत कंपनीने म्हाताऱ्यांना दिली होती. आणि गणित साधं होतं. जिथे कुणी बोलत नाही, तिथूनच वाचवायचं.

"तुम्ही हे बटण कधी दाबलंत?"

"आमच्याकडे 'उकडून राहिलं' म्हणतात बाप्पा. तसं लिहिलं असतं तर दाबलं असतं." मग मृणालच्या चेहऱ्याकडे बघून वहिनींनी आवाज खाली आणला. "तसं नाही ताई. हे इथलं लावलं की हॉलचं कमी होतं. बाबांना त्रास होतो. आपल्या एकटीसाठी पंखा कशाला?"

मृणालने तो विषय दादापाशी काढला तेव्हा तो मोबाइलवरून मानही वर करेना.

"ती काही बोलली का? नाही ना? मग तू काहून भांडून राहिली? तिला सवय आहे."

"शरीर सरावतं दादा, थोडंफार. त्यापलीकडे घाम वाळेल तेवढंच ते गार राहू शकतं. वाफेत घाम वाळत नाही. तिच्या शरीराला सवय झालेली नाही, तोंडाला झाली आहे."

"ही प्रोफेसरकी पुण्यात कर. माहेरी आली, आराम कर."

"मग निम्मं बिल कुणी वाचवलं ते तरी रविवारी कमिटीला सांग. कारभाऱ्याने नाही वाचवलं. वहिनींनी वाचवलं, अंगावर घेऊन."

दादा हसला. बहीण लहानपणापासूनच जरा तऱ्हेवाईक, असं त्या हसण्यात होतं.

मग मृणालने एक उपाय काढला. वहिनी शेगडीपाशी असतील तेवढा वेळ ती पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात स्टुलावर बसायची. ती असली की पंखा चालायचा. वहिनी नको नको म्हणायच्या. माहेरवाशिणीने स्वयंपाकघरात बसणं त्यांना बरोबर वाटत नव्हतं. पण गप्पांना सोबत मिळाली, ती त्यांना आवडली. लेकीबद्दल बोलायच्या. ऋतुजाचं लग्न हिवाळ्यात झालं होतं, नागपूरला नवा फ्लॅट होता. "घरात पहिल्या दिवसापासून कारभारी आहे तिच्या," त्या कौतुकाने म्हणाल्या. "माझ्या घरात बघा आता दोन कारभारी, आणि दोघांनाही मी काही सांगायला जात नाही."

रविवारी सकाळपासून स्वयंपाकघरात तेल तापत होतं. कुरडया, भजी, पुऱ्या, मोठ्या गंजात आमरस. मृणाल स्टुलावर बसून पुऱ्या लाटत होती. बारा वाजता कमिटी आली. थोड्या वेळाने दादाची हाक आली.

"मृणू, बाहेर ये! सगळे विचारून राहिले तुला."

"पुऱ्या होऊ दे."

"जा हो ताई," वहिनी म्हणाल्या. "माणसं काय म्हणतील? थोड्याच राहिल्या आहेत."

ती गेली. मागे पंखा थांबल्याचं तिने ऐकलं, आणि दोन शब्द बोलून परत यायचं ठरवलं. पण हॉलमध्ये दादाने तिच्या खांद्यावर हात ठेवून "आमची बहीण, उष्णतेतलीच डॉक्टर" म्हणून ओळख करून दिली. एक गृहस्थ सूर्यावरच्या डागांबद्दल विचारू लागले, दुसऱ्यांना कॉलनीला बक्षीस मिळालेली ढाल हातात घेऊन तिच्याबरोबर फोटो हवा होता. हॉलमधला वारा इतका सुरेख होता की एका काकांनी उपरणं पांघरून घेतलं. आतून गरम पुऱ्या येत राहिल्या, ताटं भरत राहिली. मग पुऱ्या यायच्या थांबल्या.

मृणाल आत गेली. मंदावहिनी आमरसाच्या गंजापुढे उभ्या होत्या आणि त्यात चमचाचमचा हळद घालत होत्या. अगदी शांतपणे, माप बघून.

"वहिनी, काय करताय?"

"वरणाला रंगच येत नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल होता आणि कोरडा. एक थेंब घाम नव्हता. मृणालने कपाळाला हात लावला; ते भट्टीसारखं तापलं होतं. घाम येणं थांबलं, म्हणजे शरीराने हात टेकले. ती ओरडली, दादा धावत आला, आणि वहिनी त्याच्या हातांत कोसळल्या.

हॉस्पिटलात बर्फाच्या पिशव्या, ओल्या चादरी, सलाइन असं सगळं झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत, मूत्रपिंडं वाचली." वहिनींना जनरल वॉर्डात हलवलं. ऋतुजा नागपूरहून धावत आली आणि आईच्या पायाशी बसून राहिली. तिच्या मानेवर घामोळ्यांचा लालभडक पट्टा उठला होता.

"हे काय गं?" वहिनींनी क्षीण आवाजात विचारलं.

"काही नाही आई. किचनचा पंखा लागत नाही माझ्याकडे. बिघडला असेल."

मृणाल ऐकत होती, पण तिचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. शेजारच्या खाटेवर अपेंडिक्स काढलेली एक मुलगी झोपली होती. तिच्या चादरीचं टोक वाऱ्याने हलत होतं. वहिनींची चादर जराही हलत नव्हती. वर छताला प्रत्येक खाटेसाठी एकेक झडप होती. वहिनींच्या डोक्यावरची मिटलेली होती. उशाशी छोटा पडदा होता आणि त्याच्या कोपऱ्यात तीच ओळखीची खूण, मितऊर्जाची. खाली लिहिलं होतं: 'मंदा विलास धोटे. उष्णता सहन करण्याची क्षमता: उत्तम.'

मृणाल सहसा आवाज चढवत नसे. त्या दिवशीही तिने चढवला नाही. पण ती ज्या सुरात बोलली, तो ऐकून नर्सने हातातला ट्रे खाली ठेवला.

"सिस्टर, या बाईंना काल उष्माघात झाला. आणि तुमचं यंत्र सांगतंय, यांना उकाडा उत्तम सोसतो."

"सेंट्रल सिस्टीम आहे मॅडम. आम्हाला बदलता येत नाही."

"मग खाट बदला."

त्या मुलीची परवानगी घेऊन खाटा बदलल्या. थोडा वेळ बरं गेलं. मग वरून किंचित कुरकुर ऐकू आली; वहिनींच्या डोक्यावरची उघडी झडप मिटत होती आणि पलीकडची मिटलेली उघडत होती. ऋतुजाने तोंडावर हात ठेवला. मृणालने वहिनींच्या मनगटावरचा ओळखपट्टा बघितला, नर्सच्या ट्रेमधली कात्री उचलली आणि तो कापून टाकला.

"अहो मॅडम!"

"थांबा जरा."

पडद्यावर अक्षरं उमटली: 'अनोळखी रुग्ण.' झडप पुरती उघडली. चादर हलली. वहिनींनी डोळे मिटले आणि दीर्घ श्वास घेतला. आपल्या नावाने त्यांना वारा मिळाला नव्हता. कुणीच नसल्यावर मिळाला.

दादा दारात उभा होता. त्याने सगळं बघितलं होतं.

आठवड्याने वहिनी घरी आल्या. त्याच संध्याकाळी मृणालच्या तक्रारीवरून कंपनीचा माणूस आला. बोधनकर त्याचं नाव. तरुण, नम्र, चपला दाराबाहेर काढून आत आलेला. वहिनी बाबांच्या खाटेशी बसल्या होत्या. त्याने त्यांच्या तब्येतीची खरोखर आस्थेने चौकशी केली.

"पण मॅडम, आम्ही काही लादलेलं नाही," तो मृणालला म्हणाला. "बटण प्रत्येक खोलीत आहे. काकूंनी ते आजवर एकदाही दाबलं नाही. मशीनने काय समजायचं?"

"गप्प बसणं म्हणजे पसंती, असं तुमच्या गणितात कुणी लिहिलं?"

"दुसरं काय लिहिणार? तक्रार हीच आमची माहिती."

"मग अर्ध्या देशाबद्दल तुम्हाला माहितीच नाही. पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत जी बाई 'मला काही नको' म्हणते, तिच्यापाशी तुम्ही बटण ठेवलंत आणि तिने दाबलं नाही म्हणून तिला उत्तम ठरवलंत. कॉलनीतल्या कुठल्या खोल्यांमधून जास्त बचत झाली? सांगा. हॉलमधून?"

बोधनकरने हातातल्या टॅबवर बघितलं. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "स्वयंपाकघरांतून."

दादा सोफ्यावर बसून होता. ढाल टीव्हीशेजारी होती. त्याने ती उचलली आणि उलटी करून ठेवली.

"आकडा पुसून टाका," मृणाल म्हणाली.

"पुसतो. पण मशीन पुन्हा यांच्याकडूनच शिकेल. काकूंनी दाबलं नाही तर महिन्याभरात पुन्हा तिथेच येईल. धडधाकट माणसाच्या वतीने दुसऱ्याने दाबलेलं धरत नाही. पोरं खेळ करतात म्हणून तसं केलं आहे."

"एक विचारू?" हा आवाज मंदावहिनींचा होता. सगळे वळले. "माझ्या ऋतुजाच्या घरी पंखा का लागत नाही?"

बोधनकरने टॅबवर बोट फिरवलं. "नवं घर आहे, काकू. नव्या घरातल्या माणसाबद्दल मशीनला काहीच माहीत नसतं. म्हणून ते माहेरच्या आकड्यांपासून सुरुवात करतं. मुलगी आईसारखीच असेल, असं धरून चालतं."

"माझा आकडा तिला दिला?"

"सुरुवातीपुरता. तिने बटण दाबलं की बदलतो. तिने दाबलेलं नाही."

वहिनींनी हातातल्या रुमालाची घडी केली, उलगडली, परत केली.

"ती कशी दाबेल?" त्या म्हणाल्या. "तिने कुणाला दाबताना पाहिलं आहे?"

दुसऱ्या दिवशी दादाने डबा लावायचं काढलं. वहिनींनी दोन दिवस डबा खाऊ दिला, तिसऱ्या दिवशी शेगडीपाशी उभ्या राहिल्या. त्या दुपारी मृणालची गाडी होती. तिने मुद्दामच स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं नाही. ती दारात, उंबऱ्याच्या अलीकडे, बॅग घेऊन उभी राहिली. आकडा पुसलेला असला तरी कारभाऱ्याने आपलं शिकणं पुन्हा सुरू केलं होतं. पंखा मंद होत होत थांबला. कुकरने शिट्टी दिली. वहिनींच्या पाठीवरचा ब्लाउज भिजत गेला.

मृणालच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण ती बोलली नाही. आज ते वहिनींनाच करायला हवं होतं.

वहिनींनी पोळी तव्यावर टाकली. उलटली. काढली. मग हात पदराला पुसून नारिंगी बटणाकडे बघितलं. विस्तवाला हात लावावा तसं त्यांनी ते बोटाच्या टोकाने दाबलं.

बटण पिवळं झालं. त्यातून मंजुळ आवाज आला: "यामुळे हॉलमधील व्यक्तींची गैरसोय होईल. तरीही बदल करायचा आहे का?"

पुण्यात दोनतीन वर्षं मृणाल बटण दाबत होती. तिला हा प्रश्न यंत्राने कधीही विचारला नव्हता.

वहिनींचा हात खाली आला. मग बटणाकडे, आपल्या लेकीच्या मानेकडे बघावं तसं, रोखून बघितलं आणि अख्खा तळवा त्यावर दाबून धरला.

पंखा फिरला. एक्झॉस्टने वाफेचा लोट ओढून बाहेर टाकला. हॉलमधला गार झोत ओसरला आणि सोफ्याचा कुरकुर आवाज आला.

"अरे, हे काय झालं?" दादाने सवयीने हाक मारली. "मंदा, गार हवा कमी झाली पाहा! मॅच ऐन रंगात आली आहे."

मंदावहिनींनी तव्यावर दुसरी पोळी टाकली.

"मी केली कमी," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण हॉलपर्यंत गेला. "मला उकडून राहिलं."

मग बाबा खाटेवरून म्हणाले, "विलास, तो हातपंखा दे इकडे. आणि तू पोळ्या शेकायला जा."

वहिनींनी फोन उचलला. कणकेच्या बोटांनी ऋतुजाचा नंबर लावला आणि पलीकडून "हॅलो, आई" ऐकू येताच, काही विचारपूस न करता म्हणाल्या, "किचनमध्ये आहेस? भिंतीवर बघ. नारिंगी बटण दिसतं?"